पहिलं कागदी रिटर्न आणि माझा कोरा चौकोन

अमेरिकेच्या आयकराच्या फॉर्म १०४० मध्ये पहिल्याच पानावर नावाच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत नवऱ्याचं नाव आणि त्याचा नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर लिहिला. खालची ओळ जोडीदाराची. तिच्यात माझं नाव लिहिलं आणि पेन उजवीकडच्या चौकोनापाशी थांबलं. मला नंबरच नव्हता.

आम्ही १२ मे २०२३ ला टेक्सासमधल्या अर्विंगला आलो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. एच-४ वाल्यांना आल्याआल्या काम करता येत नाही. जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका ठरावीक टप्प्यापर्यंत गेलं, तर २०१५ च्या नियमानुसार कामाची परवानगी मागता येते. आमचं तर अजून काहीच सुरू झालं नव्हतं. कामाची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. आणि नंबर नाही, म्हणून आमचं पहिलं रिटर्न ऑनलाइन भरता येणार नव्हतं. माझ्यासाठी आधी आयटीआयएन नावाचा करापुरता नंबर मागायचा होता, आणि तो अर्ज रिटर्नच्या कागदांसोबतच द्यावा लागतो.

मी इचलकरंजीत एका सी.ए.च्या ऑफिसात सहा वर्षं काम केलंय. जीएसटी, टीडीएस, जुलैअखेरची रिटर्नं, सगळं हाताखालून गेलेलं. त्यामुळे नवऱ्याने डब्ल्यू-२ घरी आणला (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद, आपल्या फॉर्म १६ सारखा), तेव्हा मी म्हटलं, हे मी करते. इथल्या ओळखीतल्या बहुतेकांनी पहिल्या वर्षी कुणा करसल्लागाराकडे कागद दिले होते. आम्हीही एकाला फोन केला. त्याने सांगितलं, पासपोर्टची नोटरी केलेली झेरॉक्स जोडा, चालते. आयटीआयएन मागायचा अर्ज म्हणजे डब्ल्यू-७. मी त्याच्या सूचना काढून वाचल्या. त्यात स्पष्ट होतं की नोटरी केलेली प्रत स्वीकारत नाहीत. मूळ पासपोर्ट हवा, किंवा ज्या खात्याने तो दिला त्यानेच प्रमाणित केलेली प्रत. त्या दिवशी ठरवलं की सूचना स्वतः वाचल्याशिवाय एकही ओळ भरायची नाही.

सगळ्यात आधी प्रश्न आला तो आम्ही कराच्या दृष्टीने कोण, हा. आमच्यासारख्या व्हिसावर आलेल्यांचे इथे दिवस मोजतात. चालू वर्षाचे सगळे दिवस, त्याआधीच्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याच्याही आधीच्या वर्षाचे एक षष्ठांश, आणि बेरीज १८३ झाली की तुम्ही करापुरते इथले रहिवासी. १२ मे ते ३१ डिसेंबर आमचे २३४ दिवस भरले. म्हणजे मेपासून रहिवासी, त्याआधी परके. अशा अर्ध्या-अर्ध्या वर्षाला 'ड्युअल स्टेटस' म्हणतात, आणि त्यात मोठी गैरसोय ही की स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. नवरा-बायकोने एकत्र रिटर्न भरलं तर २०२३ साठी ती वजावट २७,७०० डॉलर होती. एका पगारात घर चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही रक्कम सोडून देणं परवडणारं नव्हतं.

यातून वाट आहे. वर्षाच्या सुरुवातीला परके आणि शेवटी रहिवासी असलेल्या जोडप्याला 'आम्हाला पूर्ण वर्षाचे रहिवासी धरा' असं लिहून देता येतं. दोघांची नावं, पत्ता, दोघेही त्यासाठी पात्र असल्याचं निवेदन आणि दोघांच्या सह्या, एवढंच साधं पत्र. पण त्याची किंमत अशी, की मग पूर्ण वर्षाचं, जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. म्हणजे जानेवारी ते मे या काळातला भारतातला पगारसुद्धा.

इथेच ओळखीतले लोक थबकतात. 'तिकडचं कोण बघतंय' हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत इतक्या जणांकडून ऐकलं की वाईट वाटलं. दुसऱ्याच्या देशात येऊन पहिल्याच कागदावर अर्धवट हिशेब मांडायचा, हे मला मान्य नव्हतं. शिवाय ते खरंही नाही. २०१५ मध्ये भारत आणि अमेरिकेत करार झालाय, आणि आपल्याकडच्या बँका अमेरिकेच्या करदात्यांच्या खात्यांची माहिती कळवतात.

मग एका रविवारी जेवणाच्या टेबलावर नवऱ्याच्या पगारपत्रकांच्या पाच प्रती मांडल्या. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे एका फॉर्म १६ ची शेपटी आणि दुसऱ्याचं डोकं घेऊन जोडायचं. त्याचा पगार महिना ९५,००० होता. जानेवारी ते मार्च २,८५,०००, आणि एप्रिल व मेचे थोडे दिवस मिळून १,१०,०००. एकूण ३,९५,००० रुपये. इथलं आयकर खातं दरवर्षी सरासरी विनिमय दर जाहीर करतं. २०२३ साठी रुपयाचा दर ८२.५७२ होता. भागाकार केला, ४,७८४ डॉलर.

त्याच्यावर भारतात कर कापला गेलेला, तो इथे वजा मिळतो, फॉर्म १११६ भरून. पण इथे मला जुन्या सवयीने एक गोष्ट दिसली आणि ती सांगायला हवी, कारण पुष्कळ जण तिथे चुकतात. जानेवारी ते मार्चचा टीडीएस फॉर्म १६ च्या चौथ्या तिमाहीत दिसतो, तो खरोखर भरलेला कर. एप्रिलच्या पगारातून कापलेला टीडीएस मात्र वेगळा. २०२३-२४ या आर्थिक वर्षात नवरा भारतात जेमतेम दीड महिना होता, त्यामुळे अनिवासी, आणि त्या वर्षाचं भारतातलं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली. तो टीडीएस भारतात परत मिळणार. जो पैसा परत मिळणार आहे त्याचा दावा इथे करायचा नाही. म्हणून आयटीआर-२ हे भारताचं रिटर्न भरून तो तिकडूनच परत मागायचा, असं ठरलं. चौथ्या तिमाहीच्या करातलाही, त्याच उत्पन्नावर अमेरिकेत लागणाऱ्या करापेक्षा जास्त असलेला भाग यंदा वापरता आला नाही. तो पुढची दहा वर्षं ओढता येतो, म्हणून त्याचा कागद वेगळ्या फाइलीत लावला.

हे सगळं झाल्यावर नवरा म्हणाला, "तुझा पगार राहिला की."

माझा पगार. महिना २४,००० रुपये, चार महिने, ९६,०००. करपात्र नव्हताच, त्यामुळे टीडीएसही नाही आणि माझ्या डोक्यातून तो गेलेला. पण पूर्ण वर्षाचे रहिवासी म्हटल्यावर तोही आला. १,१६३ डॉलर. नवऱ्याच्या आकड्यांपुढे तो बारीकसा आकडा लिहिताना मला भरून आलं. दहा महिने मी घरात बसून होते. इथल्या एका कागदावर मी कमावलेलं काही तरी लिहिलं जात होतं.

आता माझा अर्ज. डब्ल्यू-७ हा एका पानाचा फॉर्म, पण प्रत्येक रकान्यापाशी मी थांबले.

पहिल्या ओळीत नाव, आणि तिच्या खाली 'जन्माच्या वेळचं नाव वेगळं असल्यास'. लग्नानंतर पासपोर्ट बदलून घेतला तेव्हा मधलं नाव बाबांचं जाऊन नवऱ्याचं आलं, आडनावही बदललं. त्यामुळे वर सासरचं, खाली माहेरचं, असं दोन्ही लिहिलं. आपल्याकडे पासपोर्टवर मुलीचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच 'गिव्हन नेम'मध्ये असतं. मी पहिलं आणि मधलं असं वेगळं केलं आणि अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून पाहिलं. रिटर्नवर एक, अर्जावर दुसरं असं व्हायला नको.

मग परदेशातला पत्ता. मी उत्साहाने इचलकरंजीचं घर, गल्ली, पिनकोड लिहिणार होते. सूचना वाचली तर वेगळंच. अमेरिकेत राहायला आल्यामुळे तिकडचं कायमचं घर उरलं नसेल, तर शेवटचं वास्तव्य ज्या देशात होतं त्या देशाचं फक्त नाव लिहा. भाड्याचं घर आम्ही सोडून आलो होतो. त्या ओळीत एकच शब्द लिहिला, इंडिया. त्याच्याखाली आपल्याकडचा कर क्रमांक विचारलाय, तिथे पॅन लिहिला. पॅन पाठ आहे मला, नोकरी लागल्यापासून.

जन्मतारखेत मात्र चूक केली होती. माझी तारीख ७ मे. सवयीने ०७/०५ लिहिलं, म्हणजे इथल्या वाचणाऱ्याच्या लेखी ५ जुलै. पासपोर्टशी न जुळणारी जन्मतारीख म्हणजे अर्ज अडकलाच. अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री पुन्हा वाचताना ती दिसली. खाडाखोड नको म्हणून रात्री अकरा वाजता नवा फॉर्म छापून सगळा परत लिहिला. प्रवेशाची आणि पासपोर्ट संपण्याची तारीखही मग बोट ठेवून तपासली. आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते, आधी महिना, मग दिवस.

पासपोर्टाचा प्रश्न सर्वांत अवघड होता. मूळ पासपोर्ट रिटर्नसोबत ऑस्टिनच्या आयटीआयएन कार्यालयाला टपालाने पाठवता येतो, तिथे काम झालं की परत येतो. पण करहंगामात याला नऊ ते अकरा आठवडे लागू शकतात असं लिहिलेलं होतं. बाबांची अँजिओप्लास्टी झाल्याला तेव्हा दीड वर्षच झालं होतं. रात्री फोन वाजला तर पहिल्या विमानाने निघता आलं पाहिजे. पासपोर्ट मी हातातून सोडणार नव्हते, आणि नवऱ्यानेही एकदाही 'पाठव गं' म्हटलं नाही, याचं मला समाधान आहे.

दुसरा मार्ग म्हणजे आयकर खात्याचं करदाता मदत केंद्र. फोनवर अपॉइंटमेंट घ्यायची, कागद आणि पासपोर्ट घेऊन जायचं, तिथले कर्मचारी पासपोर्ट समोर पाहून खात्री करतात आणि लगेच परत देतात. कागद पुढे तेच पाठवतात. फोनवर बराच वेळ थांबावं लागलं, पण तारीख मिळाली. १९ मार्च २०२४, मंगळवार.

मधल्या दिवसांत बाबांशी बोलणं झालं. ते टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं.

अमेरिकेच्या करदात्याची परदेशी खात्यांमधली मिळून रक्कम वर्षातल्या कुठल्याही एका दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्या सगळ्या खात्यांची माहिती वेगळ्या फॉर्मवर द्यावी लागते. त्याला एफबार म्हणतात. तो रिटर्नसोबत जात नाही, आयकर खात्याकडेही जात नाही. अर्थखात्याच्या एका वेगळ्या विभागाकडे ऑनलाइन जातो. मुदत १५ एप्रिल, आणि न मागता ऑक्टोबरच्या १५ पर्यंत वाढ मिळते. नंबर नसला तरी पासपोर्टवर भरता येतो. आमची स्वतःची खाती मर्यादेत होती. पण बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या सहकारी बँकेतल्या ठेवींवर त्यांनी माझं दुसरं नाव घातलं होतं, ईदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो. ती खाती माझीही धरली जातात.

बाबा तीस वर्षं यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी होते. मालकाचा पै न् पैचा हिशेब त्यांनी ठेवला, आणि स्वतःचा कधी कुणाला सांगितला नाही.

"बाबा, तुमच्या ठेवींची यादी लागेल मला. नंबर आणि रकमा."

"कशाला गं?"

"माझं दुसरं नाव आहे ना त्यावर. इथं कळवावं लागतंय."

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "पैसा माझा. अमेरिकेला काय करायचंय त्याचं?"

मी सांगितलं की कर लागणार नाही, व्याज तुमचं, तुमच्या पॅनवर, तुम्ही तिकडे भरता तेवढंच. इथे फक्त सांगायचं की अशी खाती आहेत. कळवणं वेगळं आणि कर भरणं वेगळं.

"मग तुझं नाव काढून टाकतो की. सोमवारी बँकेत जातो."

ते रागाने बोलले नव्हते, ते मला माहीत आहे. मला अडचण नको म्हणून बोलले. पण ऐकताना पोटात खड्डा पडला. ते नाव त्यांनी हॉस्पिटलच्या पलंगावर बसून सही करून घातलं होतं. मी म्हटलं, "आत्ता काढलंत तरी २०२३ मध्ये होतंच बाबा. मला खोटं लिहायचं नाही. तुम्हीच शिकवलंय." आणि मग आम्ही दोघंही बाकीच्या गोष्टी बोललो, पाणी कधी येतं, आईचा गुडघा.

दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. वहीचं पान, लाल रेघ मारलेलं, सात ठेवी, प्रत्येकीचा पावती क्रमांक, तारीख, रक्कम, खाली एकूण. त्यांच्या त्या दिवाणजी अक्षरात. मी ते पान छापून घेतलं. एफबारला सरासरी दर चालत नाही, खात्यातली वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक घेऊन वर्षअखेरच्या सरकारी दराने डॉलर करायचे असतात. ते केलं आणि मार्चमध्येच भरून टाकला, ऑक्टोबरची वाट पाहिली नाही.

रिटर्नचा गठ्ठा लावणं हेही एक काम आहे. प्रत्येक जोडपत्राच्या उजव्या कोपऱ्यात वर एक छोटा क्रमांक छापलेला असतो, त्या क्रमाने कागद लावायचे. परदेशी खाती आहेत का, हा प्रश्न असलेलं शेड्यूल बी आठवं, फॉर्म १११६ एकोणिसावा. डब्ल्यू-२ पहिल्या पानाला पुढून जोडायचा. पूर्ण वर्षाच्या रहिवासाचं निवेदन शेवटी. आणि सगळ्यांच्या वर माझा डब्ल्यू-७. रिटर्नवरचा माझा नंबराचा चौकोन कोराच ठेवायचा, असंच सूचनेत आहे. सह्या करण्याआधी पूर्ण गठ्ठ्याची झेरॉक्स वाचनालयात जाऊन काढली, सह्या झाल्यावर सहीच्या पानांची पुन्हा काढली.

सहीच्या ओळीशेजारी दोघांचा व्यवसाय लिहायचा असतो. नवऱ्याने त्याचा लिहिला आणि पेन माझ्याकडे दिलं. रिटर्नमध्ये माझे चार महिन्यांचे पगाराचे डॉलर होते, त्यामुळे 'अकाउंट्स' लिहावंसं फार वाटलं. पण सही करते त्या दिवशी जे खरं, तेच लिहायचं. 'होममेकर' लिहिलं. तो शब्द वाईट नाही, माझ्या आईने तेच काम आयुष्यभर केलं. तरी तो माझ्या हाताने लिहिताना जड गेला, हे लपवणार नाही.

१९ मार्चला नवऱ्याने अर्धा दिवस रजा घेतली. डार्टच्या ऑरेंज लाइन रेल्वेने डॅलसच्या डाउनटाउनला गेलो. सुरक्षा तपासणी झाली, मग नंबर आला. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट घेतला, माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. जन्माच्या वेळच्या नावावर बोट ठेवून विचारलं, हे तुमचं आधीचं का? मी हो म्हटलं. मग डब्ल्यू-७ ची एकेक ओळ पासपोर्टशी लावून पाहिली. जन्मतारखेपाशी त्यांचं पेन आलं तेव्हा माझा श्वास थांबला होता. पेन पुढे सरकलं. पंधरा मिनिटांत पासपोर्ट माझ्या हातात परत. गठ्ठा त्यांच्याकडे राहिला. बाहेर येऊन आम्ही बाकावर बसून डब्यातली चपाती-भाजी खाल्ली.

मग वाट पाहणं. एप्रिल गेला, मे गेला. टपालपेटी रोज उघडायची सवय लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पातळ पांढरं पाकीट आलं, माझ्या एकटीच्या नावाचं. सीपी५६५ नावाची नोटीस, आत माझा नंबर, नऊने सुरू होणारा. त्यात हेही लिहिलेलं की हा फक्त करासाठी आहे, याने काम करायचा हक्क मिळत नाही. ते मला ठाऊक होतं. तरी मी ते पाकीट संध्याकाळपर्यंत टेबलावरून हलवलं नाही. नवरा आला, त्याने नंबर वाचला आणि म्हणाला, "आता पुढच्या वर्षी ऑनलाइन." परतावा जुलैअखेर खात्यात आला, मी काढला होता तेवढाच, डॉलरचाही फरक नाही.

एप्रिलच्या पगारातला तो टीडीएस परत मागण्यासाठी भारताचं आयटीआर-२ मी ३१ जुलैच्या आत इथूनच भरलं.

ठेवींवरचं नाव बाबांनी काढलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये, मी मागायच्या आधीच, वहीच्या पानाचा फोटो आला. या वेळी एक रकाना जास्त होता. त्यावर लाल शाईने लिहिलं होतं, 'वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक'. आणि खाली एक ओळ, 'सहाव्या ठेवीची मुदत संपली, नवीन केली आहे, नंबर बदलला आहे, बघून लिही.'